चाचांनी पाठवलेला अ‍ॅक्सेस पॉइंट
माळ्यावरचं ते पांढरं खोकं उघडलं की अजून अत्तराचा वास येतो आणि माझं डोकं फिरतं. काही वर्षांपूर्वी ब्रॉडबँड खाडीच्या आमच्या तीरापर्यंतच आलं होतं. पलीकडच्या चाचीला दुबईतल्या चाचांशी घरबसल्या बोलता यावं, म्हणून आमचंच कनेक्शन दोन्ही घरांत वाटून घ्यायचं ठरलं. मी डोकेफोड करून, पाण्यावरून थेट समोर वाय-फायचा सिग्नल फेकणारे, उघड्यावर टिकणारे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट निवडले आणि चाचांना फोनवर पुन्हा पुन्हा समजावले. आमच्याकडे असली वस्तू आखातातूनच यायची. सुट्टीवर आलेल्या एका गाववाल्याच्या हाती, अत्तराच्या बाटल्यांसोबत त्या पांढऱ्या खोक्यातून आलं ते घरात टेबलावर ठेवायचं, तीन अँटेनांचं एकच चकचकीत यंत्र. "तू सांगितलेलं अगदीच साधं दिसत होतं रे, हे दुकानातलं सगळ्यात महाग!" चाचा फोनवर खूश. आमच्या चिऱ्याच्या भिंतींतून त्याचा सिग्नल अंगणातल्या विहिरीपर्यंतही पोचेना, खाडी तर लांबच. मग चाची दर शुक्रवारी होडीने आमच्याकडे यायची, सोबत आणलेली घरची चादर मला कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीमागे टांगायला लावायची आणि ऐटीत बसायची. पडद्यावर चाचांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय गो, पोचतं ना घरापर्यंत?" मी तोंड उघडणार तोच ती डोळे वटारायची. "पोचतं तर! अगदी उशापर्यंत." चाचा आता कायमचे गावी आलेत. परवा मी नवीन राउटर घ्यायला निघालो, तर म्हणाले, "थांब, मी येतो. तुला त्यातलं कळत नाही."