उकिडवे बसणारे सर

"उकडू बैठ के दिखा, भाई." हाडांच्या विभागात आमच्या सरांचं हे वाक्य तुम्ही दिवसातून दहा वेळा ऐकलं असतं. बरा होत आलेला पेशंट बिचकला, की सर भिंतीला हात टेकून स्वतःच त्याच्यासमोर उकिडवे बसायचे. पासष्टीचा माणूस, अपघातात मोडलेली हाडं कशी जोडायची हे देशोदेशीच्या डॉक्टरांना शिकवणारा. आणि बसलाय कुठे, तर दुबईतल्या ओपीडीच्या फरशीवर, लेबर कॅम्पच्या बसची वाट बघणाऱ्या मजुरासारखा.

मी तिथली फिजिओथेरपिस्ट. शारजाहून दीड तास ट्रॅफिकमध्ये रखडत यायचे, तरी सर माझ्या आधी हजर असायचे. डोळ्यांखाली काळं, हातात गार झालेला चहा. "दमलोय गं," म्हणायचे, "पण घरी बसून दमण्यापेक्षा इथं बरं." शिकाऊ डॉक्टर हौसेने स्क्रीनवर एक्स-रे लावायचे. सर स्क्रीनकडे पाठ करायचे. "फोटो नंतर. हा काम काय करतो, ते विचारलंत?"

हे खूळ आलं कुठून, ते मला माहीत आहे. त्यात माझाही वाटा आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमधला एक टाइल्स बसवणारा आला होता. परांचीवरून पडून गुडघ्याचा चुरा झालेला. सरांनी पाच तास खपून तो जोडला आणि जोडलेलं जराही हलू नये म्हणून बरेच आठवडे बांधून ठेवला. तो लवकर वाकवायला हवा, हे मला कळत होतं. पण एवढ्या मोठ्या सर्जनला सांगायचं कोणी? मी गप्प बसले.

एक्स-रे इतका देखणा आला, की सर तो वर्गात दाखवायला लागले. माणूस चालायलाही लागला. फक्त त्याला उकिडवं बसता येईना, आणि टाइल्सवाल्याला उकिडवं बसता येत नाही म्हणजे कामच खलास. कंपनीने व्हिसा रद्द केला. जाण्याआधी तो सरांच्या पाया पडून, वर आभार मानून गेला.

सर त्या दिवशी जेवले नाहीत. "मी त्याला विचारलंच नाही गं, काय काम करतोस म्हणून."

"मला ठाऊक होतं, सर," मी म्हटलं. "गुडघा आखडतोय, हेही दिसत होतं."

"मग यापुढे बोलत जा," एवढंच सर म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

तो एक्स-रे त्यांनी पुढेही दाखवला, पण आपली चूक म्हणून. आधी मुलं वाहवा करायची, मग सर त्या माणसाचं काय झालं ते सांगायचे.

निवृत्तीच्या दिवशी आत केक वाट बघत होता आणि सर बाहेर शेवटच्या पेशंटपाशी. हाही टाइल्सवालाच. सहा महिन्यांपूर्वी असाच गुडघा जोडलेला, पण या वेळी तो लवकर वाकवायचा म्हणून मी सरांशी भांडले होते. कंपनीला फिट असल्याचा कागद आजच हवा होता, नाहीतर याचंही घरचं तिकीट.

सर नेहमीसारखे त्याच्यासमोर बसले. तो घाबरत, दात आवळत हळूहळू खाली गेला. टाचा जमिनीला टेकल्या. हाताचा आधार न घेता उठलाही. सरांना मात्र उठता येईना. दोन डॉक्टर धावले, सरांनी त्यांना हाताने थांबवलं. मग त्या माणसानेच दोन्ही हात पुढे केले आणि जोडलेल्या पायावर भार देऊन त्यांना वर ओढलं. उठताना सर त्याच्या गुडघ्याकडेच बघत होते.

उभे राहिल्यावर त्यांनी दोनदा श्वास घेतला. "लिही. फिट."

मी लिहिलं, त्यांनी सही केली. पेन माझ्या हातात दिलं आणि केक न खाताच सर घरी गेले.