अटकेतली म्हैस

आमची म्हैस चोरीला गेली तेव्हा मी ठाण्यात रीतसर वर्दी दिली. खूण म्हणून डाव्या शिंगाचं मोडलेलं टोकसुद्धा लिहून दिलं. पोलिसांनी शोध घ्यावा एवढीच माझी अपेक्षा होती. शोध माझ्या मेव्हण्यानं घेतला. कामठीच्या बाजारात त्यानं म्हैस ओळखली आणि आरडाओरड केली, विकणारा पळाला. मग पोलीस आले आणि म्हैस मुद्देमाल म्हणून ठाण्यात बांधली. चोर सापडला नव्हता. म्हैस मात्र अटकेत होती.

मी शिंग दाखवलं. हवालदार म्हणाला, "अशी मोडकी शिंगं नागपुरात लई हायेत, भाऊ. म्हशीवर तुमचं नाव लिहून हाये काय?"

कोर्टाचा हुकूम येईपर्यंत वैरण मी द्यायची, असंही त्यानं सांगितलं. दूध कोण काढणार हे सांगितलं नाही. ते त्याच्या खुंटीवरच्या लोट्यावरून कळत होतं. पण तिचं पारडू आमच्या घरी होतं, आणि त्याच्यावाचून म्हैस पान्हा सोडीना. हवालदारानं थापटलं, शिव्या दिल्या. सरकारी अंमल तिच्यावर चालला नाही.

इकडे पारडू वाळत चाललं. पेजेला तोंड लावीना. मी अर्ज करत होतो. बायकोनं माझा अर्ज संपायची वाट पाहिली नाही. पारडाला दावं लावलं आणि भर सकाळी, गल्लीतल्या लोकांदेखत, ठाण्यात गेली. मी मागून गेलो.

पारडू दिसताच म्हैस हंबरली. पारडू आचळाला लागलं, तसा हवालदार लोटा घेऊन पुढे आला. बायको मध्ये बसली.

"आधी पारडाले पिऊ द्या."

"बाई, सरकारी कामात अडथळा आणून राहिल्या तुम्ही."

"दूध काढनं सरकारी काम हाये काय? तसं लिहून द्या, मंग उठते."

लिहून द्यायला त्याची तयारी नव्हती. पारडूही ठेवून घेता येईना, कारण ते चोरीला गेलंच नव्हतं. हुकूम येईपर्यंत ती रोज दोन्ही वेळा जाई, पारडाचं पोट भरेपर्यंत हलत नसे, आणि त्याला घेऊन परत येई. हवालदाराच्या वाट्याला लोट्याच्या तळाशी फेस यायचा.

म्हैस आम्हाला परत द्यायचा हुकूम आला तेव्हा पारडू धष्टपुष्ट होतं. मुद्देमालाचा बंदोबस्त चोख राहिल्याबद्दल ठाण्याची तारीफ झाली, असं मागाहून कानावर आलं. झाली असेल. बंदोबस्त खरंच चोख होता, फक्त तो माझ्या बायकोनं ठेवला होता.