खाडीत पुरलेली महोगनी

गिटारची पाठ आणि बाजू करायला मी महोगनी घेतो. नाही मिळाली तर तिच्याच गोत्रातला तून. फळी कानाशी धरून बोटाच्या पेरानं ठोकायची. आवाज रेंगाळला तर ठेवायची, जागच्या जागी मेला तर बाजूला. यात मी कुणाची भीड ठेवत नाही. बाबांच्या फळ्यांपाशी मात्र अडलो.

बाबा दिवेआगरजवळच्या आमच्या गावात होड्या बांधायचे. मी गिटार करायला लागलो तेव्हा म्हणाले, "पोकळ खोके करून पोट भरतं व्हय?" त्यानंतर या कामाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. होड्या फायबरच्या झाल्या, त्यांचा रंधा गंजला, तरी माझ्या कामाच्या खोलीत ते पाऊल ठेवत नसत. बोलवायला मीही कधी गेलो नाही. हट्टीपणा घरचाच.

वादळात परसातली महोगनी आडवी झाली तेव्हा मी पुण्यात होतो. गावी परतल्यावर बऱ्याच काळानं एकदा बाबांनी मला खाडीवर नेलं आणि चिखलात पुरलेला तिचाच ओंडका दाखवला. होडीचं लाकूड आमच्याकडे असंच मुरवतात. खारं पाणी प्यालं की कीड लागत नाही. "तुज्या खोक्यांसाठी ठेवलाय," ते म्हणाले. इतका आनंद मला कुठल्या गिऱ्हाइकाच्या कौतुकानं झाला नव्हता.

ओंडका कापून फळ्या सावलीत रचल्या. उन्हाळाभर त्या कोरड्या वाटल्या. पावसाळा लागला आणि त्यांना घाम फुटला. आतलं मीठ हवेतलं पाणी ओढत होतं. सरस धरेना. ठोकलं तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आवाज.

बाबा रोज ओट्यावरून विचारायचे, "झाला काय खोका?" त्यांना आता दोन पावलांत धाप लागते. खोटं बोलून दुसऱ्याच लाकडाची गिटार दाखवावी, असंही मनात आलं. पण ते सुतार आहेत.

"बाबा, होडीला हे सोन्यासारखं," मी म्हणालो. "गिटारला मीठ चालत नाही."

ते भिंत धरत माझ्या कामाच्या खोलीत आले. फळीवर बोट फिरवून जिभेला लावलं आणि तिथंच खाली बसले.

"तून मागवतो," मी घाईनं म्हणालो. "चांगला मिळतो."

"तो तू आनशीलच," बाबा म्हणाले. "पन माज्याकडं दुसरं झाड न्हाय."