सड्यावरचं गोल्फ आणि नावं घेणारा नंदू

पावसच्या सुलभाकाकी मला दरवर्षी कोकमाचं आगळ पाठवतात. बाटली जुन्या पेपरात गुंडाळलेली असते. या खेपेला ती गुळगुळीत रंगीत पत्रकात गुंडाळून आली. ‘आपल्या सड्यावर प्रथमच! भव्य व्यावसायिक गोल्फ चषक! प्रवेश मोफत. येताना टोपी आणावी.’ खाली बेकरी, कोल्ड्रिंक, जेन्ट्स पार्लर आणि काकींची खानावळ यांची नावं खेळाडूंपेक्षा मोठ्या टायपात. कोपऱ्यात गोल्फ खेळणाऱ्या माणसाचं चित्र होतं आणि त्याच्या हातात हॉकीची काठी होती. अशा स्पर्धेला न जाणं म्हणजे पाप. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून मी आणि गाडी अशा दोघीच निघालो.

पुण्याहून जाणाऱ्यांसाठी: उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, मग महामार्ग. महामार्गाचं काम चालू आहे. हे वाक्य मी दर वेळी लिहिते आणि दर वेळी खरं ठरतं. सावर्ड्याला मिसळ खाल्ली. बरी होती, म्हणजे भूक होती. तिथल्या टपरीवरही तेच पत्रक लावलेलं. मी टपरीवाल्याला विचारलं, “जाणार का बघायला?”

“जाणार तर! कुठल्या वाडीची टीम हाय?” तो म्हणाला.

हातखंब्याला वळून रत्नागिरी, भाट्याचा पूल आणि पुढे अर्ध्या-पाऊण तासात पावस. कलमांना मोहोर आला होता, त्यामुळे काचा खाली करून जा. एसीवाल्यांना हा वास मिळत नाही आणि मिळू नयेच.

काकींकडे खोली दीड हजारात मिळते, जेवण वेगळं. दारातच नवा फलक होता: ‘अठरा होल घावन’. मी विचारलं हे काय, तर काकी म्हणाल्या, “अगो, गोल्फला अठरा होल असतात म्हणे. माझ्या घावनाला शंभर पडतात. मी आपले अठराच लिहिले, उगाच कशाला मिजास!” घावन नेहमीचंच होतं, जाळीदार आणि लुसलुशीत. नाव बदलून चव बिघडली नाही हे विशेष.

संध्याकाळी बाजारात फेरी मारली. बेकरीत ‘गोल्फ बिस्किट’ म्हणजे कालपर्यंतची नानखटाई. पार्लरमध्ये ‘गोल्फर कट’. पार्लरवाल्या दत्ताने माझ्यासमोर एका आजोबांचा केला, तो त्याने आजवर केलेल्या सगळ्या कटांसारखाच झाला. उसाच्या रसवाल्याने चरकाला गोल्फचे चेंडू टांगले होते, मिरच्या-लिंबाच्या जागी. आणि या सगळ्या दुकानांपुढून एक रिक्षा भोंगा लावून फिरत होती: “या, या, या! आपला सडा, आपला खेळ!”

रिक्षात माइक धरून बसलेला तो नंदू. एरवी मोबाइलची कव्हरं विकतो, पण त्याची खरी ओळख म्हणजे क्रिकेटच्या चषकांना कॉमेंट्री करणारा. या भागातल्या चषकांची पद्धत ठरलेली. दुकानदार बक्षीस, पाणी, मंडप देतात आणि नंदू प्रत्येक चौकाराला त्यांचं नाव घेतो. ‘हा चेंडू सीमेपार, बघा शेट्यांच्या बेकरीची खारी जशी चहात!’ असं. काकी म्हणाल्या, वाडीत देवापुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचा मानही त्याच्याच घराण्याचा, म्हणजे बोलणं रक्तातच.

गोल्फवाल्यांना प्रेक्षक हवे होते, म्हणून त्यांनी नंदूला गाठलं. नंदूने बाजार गाठला आणि प्रत्येक दुकानदाराला शब्द दिला: फटका बसला की तुझं नाव.

रात्री जेवायला तो काकींकडेच आला. माझ्या पुणेरी जिभेला राहवलं नाही. मी म्हटलं, “अहो, गोल्फमध्ये कॉमेंट्री? तिथे फटका मारताना कोणी खोकलं तरी खेळाडू मागे वळून बघतो. भोंगा लावलात तर तुम्हालाच होलमध्ये घालतील!”

मला वाटलं तो हसेल. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

“खरा सांगताव?”

“खरंच. पाट्या धरून उभे असतात, शांतता राखा म्हणून.”

त्याने तिथूनच संयोजकांच्या साहेबांना फोन लावला. पलीकडचं ऐकू आलं नाही, पण नंदूचं “अवो पन सायेब” चार वेळा ऐकलं. फोन ठेवून तो काकींना म्हणाला, “काकी, माइक नाय म्हनतात. सुरवातीला नारळ फोडायला पाच मिन्टा देतो म्हनले, लोकल टच म्हनून. आता मी बाजारात तोंड कसा दाखवू? लोकांनी माझ्या शब्दावर कामधंदा सोडून पत्रका वाटली.”

काकींनी त्याला ताक वाढलं. मला वाढलं नाही. मी कोरडाच भात संपवला. खरं बोलण्याची हौस फार असते हो आपल्याला, पण जेवण होईपर्यंत थांबता आलं असतं.

सकाळी सड्यावर पोचले. टोपी न्या. झाडाची सावली शोधू नका, सडा म्हणजे उघडं पठार, काळा कातळ आणि पिवळं गवत. त्यामध्ये गोल्फवाल्यांनी जिथे तिथे हिरवा तुकडा पिकवला होता, टकलावर केस लावावेत तसा. प्रेक्षकांची मात्र तोबा गर्दी! सगळा बाजार दुकानं बंद करून आलेला, आणि प्रत्येक जण आपलं नाव कधी येतं म्हणून कान टवकारून. माणसं शांततेच्या पाट्या घेऊन उभी होती. खेळाडू पांढऱ्या पँटीत, आपण कुठे आलो आहोत अशा चेहऱ्याने.

नंदू आला तो सोवळं नेसून. माइक नाही, भोंगा नाही. कडेला राखणदार देवाचा दगड होता, त्याच्यापुढे त्याने नारळ ठेवला, हात जोडले आणि असा आवाज काढला की शेवटच्या होलपर्यंत गेला असेल.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” अख्खा सडा.

“आज तुज्या सड्यावर ह्यो जो काय काठीचेंडवाचा खेळ मांडलाय, त्यो गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनि ह्या कार्याला ज्यांनी हातभार लावला, त्या शेट्यांच्या बेकरीची भट्टी कदी इजू देव नुको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग माझ्या लक्षात आलं. दत्ताच्या कात्रीला धार दे, मयेकरांच्या कोल्ड्रिंकला थंडावा दे, सुलभाकाकींच्या घावनाला जाळी दे. एक दुकान सुटलं नाही. दर नावाला सडा गर्जत होता. ज्याचं नाव येई तो मान खाली घालून डोळे पुसत होता. संयोजकांचे साहेब घड्याळ बघत होते. पाच मिनिटं कधीच संपली होती, पण देवापुढे शांततेची पाटी धरायची कोणाची छाती? तिसऱ्या नावापासून खेळाडूही टोपी काढून “व्हय म्हाराजा” म्हणायला लागले.

नंदूने पुन्हा छातीभर श्वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

“आनि म्हाराजा, पुन्याची जी पावनी आलीय, ती आल्यापासना सगळ्यांस्नी नावा ठेवतेय. आमी नावा घेनारी मानसा. तिची जीभ जरा गोड कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यात मोठा आवाज काकींचा.

त्यानंतर गोल्फ झालं. कोण जिंकलं ते मला विचारू नका, बाजारातल्या कोणालाच माहीत नाही.

परतीच्या वाटेवर तोच महामार्ग, तेच काम. सावर्ड्याला मिसळ पुन्हा खाल्ली आणि टपरीवाल्याला छान झाली म्हणून सांगितलं. त्याने संशयाने बघितलं. जाणार असाल तर मोहोर असताना जा, काकींकडे आधी फोन करा, आणि कोणाला काही शिकवायचं असेल तर ताक पिऊन झाल्यावर शिकवा.

घरी पोचले तर नवऱ्याने स्वतः चहा केला होता. पाणचट, आलं नाही, साखर दुप्पट. पहिला घोट घेऊन मी तोंड उघडलं.

“कसा झालाय?” त्याने विचारलं. आधीच थोडा मागे सरकून.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं, आणि उरलेला चहा संपवला.