कानाजोगा हेडफोन

माझी मावशी पुस्तकं ऐकण्याचा पगार घ्यायची. हे कुणाला सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग म्हणायचा, "अशी नोकरी आमच्यासाठीही बघा की." पण पाय पसरून गोष्ट ऐकावी असं ते काम नव्हतं. तिच्या स्टुडिओत पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केली जायची आणि मावशी छापील पुस्तक समोर उघडून, हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग तपासायची. गाळलेला शब्द, गिळलेलं अक्षर, पानाची सळसळ, खुर्चीची करकर, काही म्हणून सुटायचं नाही. स्टुडिओत तिला सगळे चाळणी म्हणत. अर्थात पाठीमागे; तोंडावर ती ताई.

एकदा एका नावाजलेल्या वाचकाला तिनं शांतपणे सांगितलं होतं, "हे प्रकरण पुन्हा वाचावं लागेल. शब्द सगळे बरोबर आहेत. पण गोष्टीतला माणूस आत्ताच पोटभर जेवून उठलाय आणि तुमच्या पोटात कावळे ओरडताहेत." त्या गृहस्थांनी रागावून स्वतः ऐकलं, मग खो खो हसले आणि जेवून येऊन पुन्हा वाचलं.

या कामात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. आणि मग तिचा डावा कान वाहायला लागला. औषधं झाली, थेंब झाले, शेवटी ऑपरेशन करावं लागलं. ते चांगलं झालं. टाके काढल्यावर कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऐकू उत्तम येईल. फक्त कानाला सतत हवा लागली पाहिजे. आत खुपसायचं काही नको आणि वरून गच्च झाकणारंही काही नको."

"मग मी काम कसं करू?" मावशीनं विचारलं.

"दुसरं एखादं काम बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ही खुर्ची मोडकी आहे, त्या खुर्चीत बसा, असं सांगावं तितक्या सहज.

स्टुडिओतले हेडफोन रेक्झिनच्या जाड गाद्यांचे होते, कानावर झाकणासारखे बसणारे. ते बंद म्हणजे तपासणीही बंद. स्टुडिओचे मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी तिला घालवलं नाही, पुढच्या टेबलावर फोन घ्यायला बसवलं. तपासणीसाठी त्यांनी एक सॉफ्टवेअर आणलं. ते छापील मजकूर आणि रेकॉर्डिंग ताडून पाहायचं आणि चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारायचं.

मावशी फोन घेऊ लागली. घरी येऊन मुकाट्यानं स्वयंपाक करू लागली. काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं, गाड्यांच्या सीटा आणि सीट कव्हरं शिवायचं दुकान होतं. दिवसभर शिलाई मशीनच्या घरघरीत काम करून ते घरी आले की ओरडूनच बोलायचे आणि मावशी त्यांना हळू बोला म्हणायची. आता ती तेही म्हणेना. काका मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "तुझी मावशी माझ्याशी भांडत नाहीये. मला हे लक्षण बरं दिसत नाही."

त्याच सुमारास एका मैत्रिणीच्या घरी मी पाठ उघडी असलेला हेडफोन पाहिला. नेहमीच्या हेडफोनला बाहेरून सबंध झाकण असतं. याला तिथं जाळी होती. जाळीतून हवा खेळते. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. मी तडक मावशीकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे कान झाकल्यासारखे आणि तरी उघडे. असं कुणी कशाला करेल?"

"आवाज मोकळा वाटतो म्हणे."

ती डॉक्टरीणबाईंना विचारून आली. त्या म्हणाल्या, "लावून बघा. कान कोरडा राहिला तर माझी हरकत नाही."

आम्ही शहरातल्या मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता, केसांची शेपटी बांधलेला, बोलायला गोड. त्यानं असे तीन हेडफोन काढून ठेवले आणि दणदणीत संगीत लावायला निघाला. मावशीनं हात वर केला. "थांबा. मी माझं आणलंय."

तिच्या फोनमध्ये दोन रेकॉर्डिंग होती. एकात एक बाई साध्या आवाजात एक पान वाचत होती. दुसऱ्यात कोणी बोलतच नव्हतं. स्टुडिओतली रिकामी खोली तेवढी रेकॉर्ड केलेली होती.

"काकू, यात तर काहीच नाही," दुकानदार म्हणाला.

"खोली आहे ना."

पहिला हेडफोन तिनं लावला आणि लगेच कपाळाला आठी घातली. "हिचा प्रत्येक 'स' तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्र करतोय. दिवसभर ऐकलं तर माणूस चिडका होईल." दुसरा इतका हलका होता की डोक्यावर आहे की नाही ते कळेना. त्याच्या गाद्या लुसलुशीत, चष्म्याची दांडीही टोचत नव्हती. पण तो लावून ती म्हणाली, "बाई डोक्यावरून ब्लँकेट घेऊन वाचतेय."

तिसरा लावला. पान संपलं, पुन्हा लावलं. मग रिकामी खोली लावली. तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं तिला चक्कर येतेय. पण तिनं हात पुढे करून हवेत एक जागा दाखवली. "बाई इथं बसलीय. डोक्यात नाही, समोर. मागे भिंत आहे, उजवीकडे पडदा आहे. मला खोली दिसतेय."

दुकानदार बिल करायला वळला. मावशी म्हणाली, "इतक्यात नाही. मला बसायला स्टूल द्या."

ती तो हेडफोन लावून बसून राहिली. गिऱ्हाइकं आली, गेली. दुकानदारानं चहा मागवला, तिलाही दिला. चहा पिऊन झाल्यावर बऱ्याच वेळानं तिनं हेडफोन उतरवला आणि ऑपरेशन झालेल्या कानामागे हलकेच बोट फिरवलं. आवाजात काही खोट नव्हती, पण तो जड होता. डोकं चिमट्यात धरल्यासारखा आवळत होता. चष्म्याची दांडी व्रणावर दाबली जात होती, आणि गाद्या इतक्या उथळ की कानाची पाळी आतल्या जाळीला घासत होती.

"आवाज याचा आणि गाद्या त्याच्या, असं काही मिळेल का?" तिनं विचारलं.

"असं नसतं हो काकू," दुकानदार ओशाळून म्हणाला.

बाहेर पडताना तिसऱ्या हेडफोनचं खोकं तिच्या पिशवीत होतं. मी विचारलं, "टोचणाराच घेतलास?"

"आवाज मला शिवता येत नाही," ती म्हणाली. "गाद्या शिवणारा घरात आहे."

काकांनी हेडफोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मी ट्रकच्या सीटा शिवतो. हे म्हणजे उंदराला सोफा शिवण्यासारखं आहे." पण दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना त्यांनी फोमचे तुकडे, मखमली कापड आणि बारीक सुया आणल्या होत्या.

पहिल्या गाद्या त्यांनी हौसेनं चांगल्या जाड केल्या. मावशीनं लावल्या. "कान सुखात आहे. पण बाई उठून पलीकडच्या खोलीत गेली."

"म्हणजे काय?"

"आवाज लांब गेला. गादी जाड झाली की कान आवाजापासून दूर जातो."

काकांनी फोम तासला. दुसऱ्या गाद्यांनी आवाज जवळ आणला, पण पुन्हा पाळी घासायला लागली. तिसऱ्यांना त्यांनी आतून रेक्झिन लावलं, तर घाम आला आणि बाईचा आवाज डब्यात गेला. मग मात्र काकांचा पारा चढला. "तुला कानाला गादी पाहिजे का सिंहासन?"

"तुम्ही ड्रायव्हरला विचारता ना, कंबर कुठं दुखते? मग मलाही विचारा."

त्यांच्यात त्या दिवशी चांगलंच भांडण जुंपलं. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत ते ऐकत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

भांडण उतरल्यावर काकांनी खरंच विचारलं. तिला आरशासमोर बसवलं, कानामागे खडूनं खूण केली. माणूस सीटवर टेकतो तेव्हा भार कुठं पडतो हे ते आयुष्यभर बघत आले होते. आता तेच त्यांनी कानाच्या बाबतीत बघितलं. नव्या गाद्या पुढे पातळ आणि मागे उंच झाल्या, म्हणजे पाळीला जागा मिळाली आणि आवाजही लांब गेला नाही. चष्म्याच्या दांडीसाठी फोममध्ये बारीक खाच ठेवली. कापड छिद्राछिद्रांचं. डोक्यावरच्या दांडीखाली रुंद, मऊ पट्टा बसवला, त्यामुळे सगळा भार टाळूवर एका जागी न पडता पसरला. आवळणं कमी व्हावं म्हणून हेडफोन काही दिवस पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला.

मावशीनं तो सकाळी लावला. मध्ये जेवली, कपडे वाळत घातले, परत येऊन लावला. संध्याकाळी काढला तेव्हा कान जिथल्या तिथं आणि कोरडा. "बाई समोर बसलीय," ती म्हणाली. काकांनी सुई उशीत खोचली आणि अंघोळीला गेले. अंघोळ करताना ते मोठ्यानं गात होते.

डॉक्टरीणबाईंनी कान तपासून होकार दिला. मावशी हेडफोन घेऊन मालकांपुढे उभी राहिली.

मालक अवघडले. "ताई, सॉफ्टवेअर आता सगळं बघतं. पण असं करू. बाईंची कादंबरी तयार आहे. ती पाठवण्याआधी एकदा ऐका."

बाई म्हणजे रंगभूमीवरच्या वयोवृद्ध अभिनेत्री. त्यांनी एक मोठी कादंबरी वाचली होती आणि स्टुडिओची सगळी भिस्त त्या पुस्तकावर होती. मावशी तिच्या जुन्या जागेवर बसली. थोड्याच वेळात शेजारच्या टेबलावर रेकॉर्डिंगची काटछाट करणारा संकलक म्हणाला, "ताई, तुमची कादंबरी मलाही ऐकू येतेय. छान आहे, पण माझं काम होत नाही." तिलाही त्याच्या खुर्चीचं चाक आणि रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. उघड्या हेडफोनला शांत खोली लागते. मागच्या बाजूला रेकॉर्डिंगची एक जुनी खोली होती, सामान ठेवायला वापरलेली. संकलकानं स्वतः तिच्याबरोबर खोकी हलवली आणि ती आत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. "शब्द सगळे बरोबर आहेत," ती मालकांना म्हणाली. "पण या पुस्तकात कोणी श्वास घेत नाही."

संकलकानं मान हलवली. "श्वास काढायला सांगितलं होतं, ताई. आवाज स्वच्छ होतो म्हणून. मलाही काहीतरी खटकत होतं, पण काय ते पकडता येईना."

"खोली ऐकू येते, बाई ऐकू येतात, आणि दर वाक्याआधी श्वासाबरोबर खोलीसुद्धा मरते. मुलगा घर सोडून जातो तिथं आई म्हणते, 'जा.' त्याच्याआधी बाईंनी नक्की काहीतरी केलेलं आहे. ते नाहीये."

मालक वैतागले. पुस्तक द्यायची वेळ जवळ आली होती. शेवटी बाईंनाच विचारू असं ठरलं. बाई आल्या त्याच तणतणत. "माझ्या वाचनात खोट काढणारी कोण ही?"

"खोट तुमच्या वाचनात नाही," मावशी म्हणाली. "तुमचं काहीतरी चोरीला गेलंय."

तिनं बाईंना खोलीत बसवलं, काकांच्या गाद्यांचा तो हेडफोन त्यांच्या पांढऱ्या केसांवर अलगद ठेवला आणि आधी साफ केलेलं, मग मूळ रेकॉर्डिंग लावलं. मुळात त्या 'जा'च्या आधी एक श्वास होता. आत घेतलेला, अर्ध्यावर अडलेला, आणि मग सोडून दिलेला.

बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. मग हेडफोन न काढताच, रंगमंचावर असल्यासारख्या मोठ्यानं त्या मालकांना म्हणाल्या, "त्या एका श्वासासाठी मी आदल्या दिवशीची सबंध दुपार झगडले होते. माझे श्वास परत ठेवा. सगळे."

मालकांनी दोघींकडे पाहिलं आणि मग संकलकाला म्हणाले, "मूळ फाइल काढ."

संकलक आणि मावशी कामाला लागले. मूळ रेकॉर्डिंग सुदैवानं जपून ठेवलेलं होतं. संकलक एकेक श्वास परत बसवायचा, मावशी ऐकायची. कुठं नुसती धाप होती ती जाऊ द्यायची, कुठं श्वासात अर्थ होता तो ठेवायची. प्रत्येक पानाला दोघांचं बोलणं व्हायचं आणि बहुतेक वेळा पटायचंही. कान एकदाही दुखला नाही.

पुस्तक प्रकाशित झालं तेव्हा एका छोट्या सभागृहात तोच प्रसंग ऐकवला. मी मावशी आणि काकांच्या मध्ये बसले होते. स्पीकरमधून तो श्वास आला आणि सभागृहातली कुजबुज थांबली. कुणी खोकलं नाही. 'जा' म्हटल्यावर मागच्या रांगेत एका माणसानं खिशातून रुमाल काढला. काकांना एरवी गोष्टीबिष्टींची आवड नाही. ते पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून ऐकत होते. त्यांनी हळूच, म्हणजे त्यांच्या मानानं हळूच, विचारलं, "हाच का तो?" चार रांगांनी मागे वळून पाहिलं. मावशीनं त्यांना गप्प केलं नाही. नुसती मान हलवली आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मी तिच्या लग्नाच्या फोटोतही तो तसा पाहिलेला नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि थेट काकांपुढे उभ्या राहिल्या. "त्या गाद्या तुम्ही शिवल्यात?"

"हो."

"मलाही शिवून द्या. आणि पुढचं पुस्तक मी वाचीन ते या ताई स्टुडिओतल्या काचेपलीकडे बसणार असतील तरच, हे मालकांना सांगून आलेय."

काकांनी खिशातून मापाचा टेप काढला. तो त्यांच्या खिशात नेहमीच असतो. भर सभागृहात, लोक हार-तुरे घेऊन ताटकळत असताना, त्यांनी बाईंच्या कानाचं माप घेतलं, आणि बाई मान वाकडी करून निमूट उभ्या राहिल्या.