खिळ्यावरचा बिल्ला

“थंडीत काय नासत नाय, माणूस पण नाय,” असं लवू घाडी एकदा म्हणाला होता, आणि आम्ही तिघे मित्र पोट धरून हसलो होतो.

लालबागच्या एका चाळीत, एकाच मजल्यावर आम्ही चौघे वाढलो. लवू, निलेश, राजेश आणि मी. चौघांचेही बाप गिरणीत. संप झाला तेव्हा आम्ही अठरा वर्षांचे होतो, आणि त्यानंतर जो तो मिळेल तिकडे गेला. निलेश मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात शिरला. राजेश एका इस्पितळात क्लार्क झाला. मी शाळेत मास्तर झालो. लवूला सगळ्यांत उशिरा नोकरी लागली, शिवडीला, मासळी साठवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. तिथे त्याने पस्तीस वर्षं काढली.

आतलं तापमान उणे अठरा. सुरमई, पापलेट, कोळंबीच्या गोठलेल्या पेट्या उचलायच्या, रचायच्या, गाडी लागली की पुन्हा काढायच्या. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर. दाराजवळ भिंतीत खिळ्यांची एक रांग होती. आत जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर आला की काढून खिशात टाकायचा. खिळ्यावर एकही बिल्ला असेल तर दार लावायचं नाही. शिवाय दार लावणाऱ्याने आत तोंड घालून तीनदा ओरडायचं, “आत कोण?” आणि थांबायचं. उत्तर आलं नाही की मगच दार लोटायचं.

हे सगळं आम्हाला माहीत होतं, कारण लवू सांगायचा. मे महिन्यात आम्ही गॅलरीत बनियनवर बसलेलो असायचो. अंगाला टेकवलेला पेपरसुद्धा ओला व्हायचा. लवू जिना चढून आला की निलेश ओरडायचा, “आला रे आला, एसीवाला आला!” मग आम्ही त्याचे हात धरायचो आणि आपापल्या गालांना लावायचो. शिवडीहून चालत येऊनही ते हात गार असायचे. लवू उभा राहायचा. एक हात निलेशच्या गालावर, एक राजेशच्या. मी रांगेत.

“साला, पगार पण घेतो आणि थंड हवा पण खातो,” निलेश म्हणायचा.

“ये ना मग. जागा आहे,” लवू म्हणायचा.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याचा बिल्ला खिळ्यावरून खाली पडला होता. गाडीची घाई होती. कुणीतरी न ओरडताच दार लावलं. लवू चाळीस मिनिटं आत राहिला. ती गोष्ट त्याने आम्हाला नाक्यावर सांगितली ती अशी: “पापलेटच्या पेट्यांवर आडवा झालो. मस्त डुलकी काढली. पहिल्यांदाच कामावर झोपलो, आणि साहेबाने उठवलं ते पण सॉरी बोलून.” थंडीत माणूस नासत नाही, हे वाक्य त्याच दिवशीचं. आम्ही ती गोष्ट पुढे प्रत्येकाच्या लग्नात, प्रत्येकाच्या बारशाला त्याच्याकडून वदवून घेतली. त्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी त्याने घरून चांगला बोटभर लांब खिळा नेला, भिंतीत तिरका ठोकला आणि निवृत्त होईपर्यंत आपला बिल्ला त्याच खिळ्याला लावला, हेही तो सांगायचा. त्यावर कुणी हसायचं नाही. कुणी काही विचारायचंही नाही.

दोन वर्षांपूर्वी तो साठ वर्षांचा झाला. निलेशची मुलगी श्रेया फिनलंडमध्ये नोकरी करते. तिने बापाला बोलावलं होतं, आणि निलेशच्या डोक्यात कल्पना आली. आम्ही तिघांनी आपापली तिकिटं काढली आणि मिळून लवूचंही काढलं. वाढदिवसाला त्याच्या खोलीत केक कापून झाल्यावर निलेशने त्याच्या हातात पाकीट दिलं.

“जानेवारीत. उत्तरेला. जिथे नदीपण गोठते,” निलेश म्हणाला. “आयुष्यभर तू मासळीच्या वासात थंडी खाल्लीस. आता जरा साहेबासारखी खा!”

राजेश म्हणाला, “आम्हाला कोण सांभाळणार तिथे? थंडीचा माणूस एकच आहे आपल्यात.”

लवूने पाकीट उघडलं, वाचलं, पुन्हा घडी घातली. “वा,” तो म्हणाला. मग आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि हसला. आम्हाला तेवढं पुरलं.

आम्ही गेल्यावर त्या खोलीत काय झालं ते लवूच्या बायकोने, लक्ष्मीवहिनींनी मला सांगितलं, पण फिनलंडहून परत आल्यानंतर. त्या म्हणाल्या, भावोजी, त्या रात्री ते भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटलं, “तुमी तेंका सांगून टाका. जावचा नाय म्हणून.” तर म्हणाले, “चाळीस वरसां हसलंय तेंच्याबरोबर. आता खंयच्या तोंडान सांगू?”

पस्तीस वर्षं वहिनी रोज संध्याकाळी परातीत कोमट पाणी काढून ठेवत. लवू त्यात हात बुडवून बसे. पाण्याने बोटांत जाणीव येई आणि जाणिवेबरोबर ठणका. डाव्या हाताच्या दोन बोटांत ती कधीच आली नाही. त्या घरात पंखा एकवर चाले, मे महिन्यातही. आम्ही गालांना लावायचो ते हे हात. पहिल्या वर्षीची ती चाळीस मिनिटं तो झोपला नव्हता. दारावर मुठी मारत होता, आणि मारायची ताकद संपल्यावर गोल गोल चालत होता. पेट्या मोजत होता, म्हणजे डोकं चालू राहील. घरी आल्यावर तो बोलला नाही. चौथ्या दिवशी नाक्यावर आला आणि आम्हाला विनोद सांगितला.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलं नव्हतं, असं म्हणणं जास्त बरोबर.

डिसेंबरात आम्ही हिंदमाताला स्वेटर घ्यायला गेलो. दुकानदार घामाघूम होऊन लोकरीचे गठ्ठे सोडत होता. निलेशने लवूला पुढे केलं. “ह्यांना विचारा. ह्यांना सगळं माहीत आहे.” लवूने एकेक कापड चिमटीत धरून पाहिलं. “एक जाड घेऊ नका. तीन पातळ घ्या. आतलं सुती नको, घाम धरतं. मोजे एक नंबर मोठे.” त्याने आमच्यासाठी सगळं निवडलं. स्वतःसाठी हातमोज्यांचे चार जोड घेतले.

“चार?” राजेश म्हणाला. “तुला काय चार हात आहेत?”

“असू देत,” लवू म्हणाला.

तिकडे सूर्य असा नव्हताच. सकाळी दहानंतर कुणीतरी राखाडी पडदा थोडा वर करावा तसं व्हायचं, दोन-अडीचला तो पुन्हा खाली. सगळं पांढरं आणि सगळं बंद. पहिल्या दिवशी निलेश आणि राजेश बर्फात लोळले. दुसऱ्या दिवशी फोटो काढले. तिसऱ्या दिवसापासून आम्हीही थकलो, पण इतक्या लांब येऊन थकलो असं म्हणता येत नव्हतं. लवू मात्र आमच्यामागे घड्याळ लावून असायचा. वीस मिनिटं झाली की म्हणायचा, “चला. आत.”

“अरे, ड्युटीवर आहेस काय?” निलेश वैतागायचा.

“नाकाचा शेंडा बघ स्वतःचा. पांढरा पडलाय. आत चल.”

लवू आणि मी एका खोलीत होतो. खिडकीखाली गरम पाण्याचा रेडिएटर होता. मी सकाळी उठायचो तेव्हा लवू त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलेला असायचा, दोन्ही तळवे त्यावर टेकवलेले, डोळे मिटलेले.

“काय रे, काय झालं?” मी एकदा विचारलं.

“काय नाय. सवय.”

थंडीच्या माणसाला कसली ही सवय, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी दात घासायला गेलो.

पाचव्या दिवशी दुपारी, उजेड जाता जाता, श्रेया आम्हाला गावाबाहेर एका ठिकाणी घेऊन गेली. निलेशने तिला सांगून ठेवलेलं ते सरप्राइज होतं. बर्फाचं घर. बर्फाच्या भिंती, बर्फाचं छत, बर्फाचे पलंग, त्यांवर हरणांची कातडी. बाहेर उणे चोवीस होतं. आत उणे पाच, असं तिने सांगितलं. दार तेवढं लाकडी होतं, जाड, आतून कातडं मारलेलं.

“बाबा, तुम्ही सगळे आत उभे राहा,” ती म्हणाली. “दार लावलं की भिंतींमधले निळे दिवे लागतात. मी बाहेरच थांबते, मजा येईल.”

निलेश हसत म्हणाला, “लाव, लाव. आमच्या लवूला घरी आल्यासारखं वाटू दे.”

दार लागलं. त्याचा आवाज फार झाला नाही. जाड दारांचा होत नाही. भिंतींतून निळा उजेड पाझरू लागला आणि आमच्या तोंडातली वाफ निळी झाली. राजेश “आई शप्पथ” म्हणाला. मी लवूकडे पाहिलं. तो दाराच्या बाजूच्या भिंतीकडे पाहत होता, खांद्याच्या उंचीवर, जिथे काहीच नव्हतं. तिथे गुळगुळीत बर्फ होता.

“ए एसीवाल्या, ती गोष्ट सांग ना,” निलेश म्हणाला. “पापलेटवर झोपल्याची. थांब, व्हिडिओ काढतो. राजेश, तू इकडून धर.”

त्याने फोन राजेशकडे दिला, पुढे झाला, लवूचा डावा हातमोजा ओढून काढला, त्याखालचा दुसराही काढला, आणि लवूचा हात धरून आपल्या गालाला लावला. अगदी गॅलरीतल्यासारखा. साठीतला निलेश, टोपीतून पांढरे केस बाहेर आलेले, डोळे मिटून हसत होता.

“बोल. ‘मस्त डुलकी काढली’ इथून सुरू कर.”

राजेशने फोन वर धरला होता. लवूने तोंड उघडलं. आम्ही तिघेही आधीच हसायच्या तयारीत होतो. त्याच्या तोंडातून थोडी वाफ आली आणि थांबली.

त्याने निलेशच्या गालावरून हात काढून घेतला. हळूच, जसं झोपलेल्याच्या डोक्याखालून हात काढतात तसा. खाली पडलेले हातमोजे उचलले नाहीत. खांद्याने दार ढकलून उघडलं आणि श्रेयाच्या बाजूने, उणे चोवीसात, उघड्या हाताने चालू लागला. ती काहीतरी विचारत होती.

दार त्याने उघडंच ठेवलं.