मामांची डावखुरी गाठ

करार झाला तेव्हाचा मोठा फोटो नव्या इमारतीच्या भिंतीवर लावलाय. दोन्ही देशांचे साहेब हातात हात घेऊन उभे आहेत, मागे नव्याने रंगवलेलं फाटक. मी डोळे ताणून पाहिलं, त्यात मामा नाहीत. खाली लिहिलंय की या सीमानाक्यावर शेजाऱ्यांमधला विश्वास या कराराने सुरू झाला. वाचून माझं टाळकं सणकलं. विश्वास कधी सुरू झाला ते मला विचारा. मी तेव्हा इथल्याच शेडमध्ये पाठीवर पेट्या वाहत होतो.

तेव्हा तिथे काचेच्या खोल्या नव्हत्या. एक आपली पत्र्याची शेड, एक त्यांची, आणि मधे दोन फाटकांमधला दोनशे पावलांचा रस्ता. तो तुकडा कुणाचाच नव्हता. तिथे फक्त ट्रक जायचा, आणि कागद असलेला ड्रायव्हर. इतर कुणी पाऊल टाकलं की दोन्हीकडचे पहारेकरी बंदूक सरळ करायचे. आपण ट्रक रिकामा करून तपासायचा, भरायचा, पाठवायचा. पलीकडच्यांनी तोच ट्रक पुन्हा रिकामा करायचा. आपल्यावर त्यांचा भरवसा नाही, त्यांच्यावर आपला नाही. या भानगडीत टोमॅटोचं पाणी व्हायचं आणि औषधांच्या पेट्या उन्हात तापायच्या.

मामा ताडपत्रीवाले. ट्रक उघडायचे आणि तपासणी झाली की ताडपत्री ओढून दोर बांधायचे. सगळे ड्रायव्हर त्यांना मामाच म्हणत. आयुष्यात कुणाला मामा बनवलं नाही असा हा एकच मामा, असं आम्ही हसायचो. ते डावखुरे होते. दोर उलट्या अंगाने दोनदा फिरवून टोक आत खोचायचे. ती गाठ सोडून पुन्हा तशीच बांधणं दुसऱ्या कुणाला जमलं नाही. मी आठवडाभर खटपट केली, बोटं सोलून घेतली, नाद सोडला.

पलीकडे तेच काम करणारा लंबू. उंची बेताचीच, नाव कुणी ठेवलं देव जाणे. त्याने ती गाठ ओळखायला सुरुवात केली. एका दुपारी औषधांचे सात ट्रक अडकले होते, तेव्हा त्याने स्वतःच्या साहेबांना सांगितलं की गाठ सुटलेली नाही, म्हणजे वाटेत कुणी हात लावलेला नाही, आणि या गाठीचा माणूस बघितल्याशिवाय बांधत नाही. चार पेट्या उघडून बघा, बाकी जाऊ द्या. साहेबांनी घाम पुसला आणि मान हलवली. मग तीच रीत पडली. लंबूच्या गाठीचे ट्रक आपल्याकडेही तसेच सुटू लागले. कुठल्या कागदावर नाही, कुणाची सही नाही.

मामांचा नियम एकच. ताडपत्री उघडल्यापासून शेवटची पेटी आत जाईपर्यंत स्वतः उभं राहायचं, मगच बांधायचं. आपल्या साहेबांना या नियमाची इतकी सवय झाली की ते गाठ बघूनच शिक्का मारू लागले. घोळ तिथेच झाला.

त्या दिवशी मामांच्या मुलीला मुलगी झाल्याचा निरोप आला. मामा हवेत. दिसेल त्याला थांबवून सांगत होते, आणि बोलता बोलता हात चालू. ओळीत तिसरा, लिंबांचा ट्रक उभा होता, ताडपत्री ढिली झाली म्हणून ड्रायव्हरने हाक मारली. मामांनी ओढली, गाठ मारली, पुढे गेले. साहेबांनी गाठ बघितली, शिक्का मारला. ट्रक उघडलाच नव्हता. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

जेवायला बसलो. मामांनी पहिला घास तोंडाशी नेला आणि हात तसाच थांबला. त्यांनी बोटं हुंगली. लिंबाच्या पेट्या तपासल्या की हाताचा वास दोन दिवस जात नाही, आणि मामांच्या हाताला नुसता दोराचा वास येत होता. डबा तसाच टाकून ते उठले आणि पळत सुटले.

पन्नाशीचा माणूस, गुडघे दुखणारे, त्या दोनशे पावलांच्या रस्त्यावर हात वर करून धावतोय. दोन्हीकडून बंदुका उठल्या. पलीकडे ट्रक लागला होता, लंबूचा हात दोरावर होता. मामा त्यांच्या फाटकाशी थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लंबू, ती गाठ खोटी आहे. मी बघितलेलं नाही. सगळा ट्रक उतरव."

तीनशे चाळीस पेट्या उतरवल्या त्यांनी, भर उन्हात. लिंबांशिवाय निघालं काय, तर ड्रायव्हरची एक विटकी चादर. ड्रायव्हर सगळा वेळ कुरकुरत होता, लंबू मामांच्या सात पिढ्यांची आठवण काढत होता.

आपल्या साहेबांनी मामांना त्याच संध्याकाळी घरी बसवलं. गुन्हे दोन. एक, रेषा ओलांडली. दुसरा, आपल्या कचेरीची चूक परक्यांसमोर बोलून दाखवली, घरचं धुणं शेजाऱ्याच्या अंगणात वाळत घातलं. मी पेटलो. उद्यापासून एकही पेटी उचलायची नाही, असं मी हमालांना सांगितलंही. मामांनी मला घरी बोलावून गप्प केलं. नियम मोडला तो मोडला, म्हणाले, तू तोंड घालू नकोस. मामी मात्र दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घालू दे की. तुम्ही तर काही बोलणार नाही."

पण संप करायची वेळच आली नाही. मामांच्या जागी नवा माणूस आला, आणि त्याच्या गाठीचा प्रत्येक ट्रक लंबू शेवटच्या पेटीपर्यंत उतरवू लागला. रांग फाटकापासून पेट्रोल पंपापर्यंत गेली. त्याच्या साहेबांनी झापलं, तेव्हा त्याने काय उत्तर दिलं ते एका ड्रायव्हरने मला जसंच्या तसं सांगितलं. "साहेब, जो पळत येऊन स्वतःची चूक सांगतो, त्याच्या गाठीचा ट्रक मी डोळे मिटून सोडीन. या नव्याने अजून एकही चूक सांगितलेली नाही. याला मी ओळखू कसा?"

नऊ दिवस हे चाललं. व्यापारी दोन्ही कचेऱ्यांमध्ये आरडाओरडा करू लागले. शेवटी त्या कुणाच्याच नसलेल्या रस्त्यावर टेबल मांडलं आणि दोन्हीकडचे साहेब पहिल्यांदा समोरासमोर बसले. पलीकडच्यांनी दोन गोष्टी मागितल्या. ताडपत्रीवाला परत आणा. आणि ट्रक एकदाच उघडा, पण दोन्हीकडचा एकेक माणूस समोर उभा करून. पुढे त्या करारात जे कलम मोठ्या अक्षरांत छापलं गेलं ते हेच. ते कुणाच्या गाठीवरून सुचलं हे लिहायला मात्र त्यांना शाई पुरली नाही.

दहाव्या दिवशी मामा कामावर आले. लंबू परवान्याचा कागद खिशात घालून आपल्या शेडमध्ये आला, पहिल्यांदाच. दोघं एकाच ट्रकवर चढले. लंबू कंबर धरून म्हणाला की तुझ्या लिंबांनी माझी पाठ कामातून गेली. मामांनी विचारलं, "त्यात खरंच काही निघालं असतं तर?"

"मग तू आत गेला असतास," लंबू म्हणाला. "आणि मी दर आठवड्याला असाच कागद काढून तुझा डबा घेऊन आलो असतो."

मामांनी ताडपत्रीचं एक टोक त्याच्याकडे सरकवलं. "नीट धर," म्हणाले, आणि खाली उभ्या ड्रायव्हरला मागचा फाळका उघडायला सांगितलं.